बंदराच्या तोंडावर

आमचे हे पुण्यात कारखान्यात नोकरीला होते आणि नौदलाच्या राखीव दलात स्वयंसेवकही होते. एरवी वर्षातून पंधरा दिवस मुंबईला शिकायला जायचं आणि लढाई लागली की बोलावतील तिथे हजर व्हायचं. शेजारी विचारायचे, पुण्याला समुद्र कुठला, मुठेत बोट चालवणार का? लढाई लागली, बोलावणं आलं. हे दुसऱ्या दिवशी निघाले. पदरात दोन मुलं होती, ती मी सांभाळली. त्याचं कौतुक नको.

पुढे मुलाने कोथरूडला फ्लॅट घेतला. नात कॉम्प्युटरच्या कंपनीत लागली. सोसायटीने स्मरणिका काढून यांचा सत्कार करायचं ठरवलं आणि मजकूर नातीकडे सोपवला. तिने इंटरनेटवर शोधून यांना एका लढाऊ जहाजावर चढवलं, तोफा डागायला लावल्या. ती वाचून दाखवत होती आणि हे मान हलवत होते.

मी विचारलं, "अहो, तुम्ही त्या जहाजावर होता?"

"नव्हतो. पण पोरीने हौसेने लिहिलंय."

"मग शालही त्या जहाजावरच्या माणसालाच द्या."

नात चिडली. मजकूर उद्या छापायला जायचा होता, आणि खरंखोटं विचारतंय कोण, असं तिचं म्हणणं. मी विचारतेय, म्हटलं. मी चौथी शिकलेली, मला टाइप करता येत नाही. तू बस, मी सांगते. जेवून बसू म्हणाली. जेवण त्यानंतरच मिळेल, असं मी सांगितलं.

लढाईहून परत आल्यावर यांनी एकदाच सगळं सांगितलं होतं, ते माझ्या लक्षात होतं, तसंच मी नातीला सांगत गेले. बंदराच्या तोंडावर एक लहान लाँच. येणारी प्रत्येक मासेमारीची होडी थांबवायची, कागद बघायचे, जाळी उचलून खाली काय दडलंय ते तपासायचं. नेहमीचे नौसैनिक लढायला गेलेले, म्हणून हे काम राखीव माणसांकडे. यांनी एकही गोळी झाडली नाही. "दिवसभर हेच काम," मी म्हटलं.

"दिवसरात्र," हे म्हणाले आणि खुर्ची ओढून कॉम्प्युटरजवळ आले. "पाळ्या होत्या. आणि लिही, पहिले तीन दिवस मला बोट लागली होती, नुसता ओकत होतो."

नातीने माझ्याकडे पाहिलं. "आजी, हेपण छापायचं?"

"त्यांना विचार. लाँचवर ते होते."

"छाप," हे म्हणाले. "एकही पाळी चुकवली नाही, तेही छाप."