रंग भरण्याआधी

मागच्या चित्रकाराने तांदळाच्या पोत्यासाठी एकच चित्र माझ्या राइस मिलला आणि शेजारच्या मिललाही विकलं होतं. म्हणून आमच्याच भागातल्या गोरेगावच्या या नव्या चित्रकार पोरीला मी आधीच दरडावलं. तिने मोबाईलवर कच्चं चित्र दाखवलं. वाकून रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करणारी बाई, पाठीमागे रोवलेल्या ओळी.

"माही माय रोवण्याले जाये. रोवणारी मांगं सरकते! हे तर रोप तुडवून राहिली!" मी ओरडलो.

बोटाने ओळी पुसत ती म्हणाली, "म्हणूनच कच्चं दाखवून राहिली, काका. आताच भांडून घ्या. रंग भरल्यावर बदल नाही."

संध्याकाळी सुधारलेलं कच्चं चित्र आलं. पोती उद्या छापायची होती. तासभर चूक शोधली. एकही सापडेना, तेव्हा जास्तच घाबरलो. 'ठीक आहे' लिहिलं, पण पाठवायला बोट धजेना.