घरी आल्यावर काय झालं

"लढाईचं सोडा, मास्तर. घरी आल्यावर काय झालं त्ये सांगा."

हे म्हणताना तो डाव्या बुटाचं टोक फरशीवर हलकेच आपटायचा. आवाज पोकळ यायचा. त्या पायाची बोटं बर्फानं नेली होती आणि बुटातल्या रिकाम्या जागेत तो वर्तमानपत्राचा बोळा कोंबून ठेवायचा. "हवालदार, आज कोणतं पान घातलंय?" असं कुणी विचारलं, की गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "अग्रलेख. लई टोचतोय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. स्वतःवरचा विनोद ती आधी स्वतःच करून टाकतात, म्हणजे दुसऱ्यानं फार जवळ यायला नको.

पुढे तो गेल्यावर पिंपरीत त्याच्याबद्दल बरंच बोललं गेलं. कंपनीचे बूट घेऊन पळाला, दारूपायी गेला, कुठेतरी दुसरा संसार थाटला. मी ते सगळं खाली मान घालून ऐकत राहिलो. आता निगडीच्या या फ्लॅटमध्ये बसून आठवावं तर ऐकणारेही फारसे उरलेले नाहीत. तरी जे मला ठाऊक आहे ते लिहून ठेवतो.

तो हवालदार नव्हता. बासष्टच्या लढाईतून परतलेला साधा शिपाई होता. आमच्या कंपनीच्या गेटवर पहारेकरी म्हणून लागला आणि पहिल्याच महिन्यात कामगारांनी त्याला बढती देऊन टाकली. मीही मास्तर नव्हतो, टाइम ऑफिसात हजेरी मांडणारा कारकून होतो. ती पदवीही त्यांचीच.

गेटवर तो आधी माणसाचे पाय बघायचा आणि मग पास. चपला घालून कुणी प्रेस शॉपला निघाला की काठी आडवी. "राव, वरून पत्रा पडतो त्यो काय तुझा मामा लागतो? जा, बूट घालून ये." नवीन पोरांना तर तो बूट काढायला लावून अंगठ्यानं दाबून बघायचा. "बसतोय ना नीट? चावत न्हाई ना?" पोरं हसायची. कॅनव्हासचे बूट घालून बर्फात चाललेला माणूस दुसऱ्याच्या पायांकडे कसा बघतो, हे आमच्यापैकी कुणाला कळणार?

मला मास्तर म्हणायचं कारण वेगळं होतं. शनिवारी पहिली पाळी सुटली की कँटीनच्या मागच्या खोलीत आमचं वाचन मंडळ भरायचं. इंग्रजी येणारा मी एकटाच. आठवडाभर कादंबरी वाचायची आणि शनिवारी ती हातात धरून मराठीत सांगायची. एकेक कादंबरी चार-पाच शनिवार चालायची. परक्या नावांचा घोळ नको म्हणून मी नायकाला 'पाटलाचा पोरगा' करून टाकायचो. एकदा तर शिकागोला निघालेली गाडी बोलण्याच्या भरात कासारवाडीला थांबवली होती.

आणि शेवट बदलायचो. ही सवय लेथवरच्या दत्तूनं लावली. "मास्तर, सोमवारी फर्स्ट शिफ्ट हाय. असं रडवून घरी पाठवू नका. जरा बरं करून सोडा." मग बुडालेला वर यायचा, तुटलेलं लग्न जुळायचं. लेखक सात समुद्रांपलीकडे. विचारणार कोण?

पहिल्या महायुद्धानंतरच्या अमेरिकन कादंबऱ्यांचं मला तेव्हा वेड होतं. दापोडीचे रद्दीवाले रसूलभाई माझ्यासाठी त्या बाजूला काढून ठेवायचे. "आओ मास्तर, तुमचे अमेरिकन आलेत. सगळे तोंड पाडून बसलेत." त्यांचं खरं होतं. त्या लेखकांतले काही स्वतः आघाडीवर जाऊन आलेले. देश जिंकला होता, बँड वाजले होते, कारखाने धडाक्यात चालू होते, आणि यांच्या पुस्तकांतली तरुण माणसं घास हातात धरून जेवणाच्या टेबलावर नुसती बसून राहायची. पीत, भटकत, नाचत, पण लढाईबद्दल एक अक्षर बोलत नसत. आपण कशासाठी गेलो होतो हे विचारायची त्यांना भीती वाटायची. ज्यांनी त्यांना पाठवलं होतं ते वडीलधारे मात्र अजून भाषणं करत होते.

"जिंकून आलेत ना?" दत्तूनं एकदा विचारलं. "मग झालंय काय त्यांना?"

दाराशी उभा असलेला हवालदार म्हणाला, "कुनाला ठिवून आलाय त्ये इचार की त्याला."

मग त्यानंच बूट आपटला. "आन आमी तर जिंकूनबी आलो न्हाई. सांगा मास्तर, घरी आल्यावर काय झालं?"

त्यानंतर मी जी कादंबरी घेतली तिचं मुखपृष्ठ फाटलेलं होतं. लेखक कोण ते मला आजही माहीत नाही. गोष्ट साधी होती. पिठाच्या गिरण्यांच्या गावातले दोन मित्र लढाईवर जातात. एक चिखलात रुतून, हाका मारत मरतो. दुसरा त्याच्या हाका ऐकत पुढे जातो आणि वाचतो. घरी आल्यावर मेलेल्याची आई त्याला दर रविवारी जेवायला बोलावते. "माझा मुलगा कसा गेला ते सांग," म्हणते. तो खोटं सांगतो. शूरपणे गेला, पटकन गेला. पुढच्या रविवारी तिला आणखी हवं असतं. खोटं वाढत जातं आणि ताटातला घास उतरेनासा होतो.

तिसऱ्या शनिवारी खोली रिकामी झाली तरी हवालदार जागचा हलला नाही. मग माझ्याबरोबर पिंपरी स्टेशनपर्यंत चालत आला. फलाटाच्या बाकावर बसून त्यानं बूट काढला, बोळा काढला, पुन्हा घातला.

"मास्तर, ह्यो मीच हाय."

चाकणच्या पलीकडच्या वाडीतला सोपान आणि तो एकत्रच भरती झाले होते. माघार घेताना सोपानचे दोन्ही पाय गोठले. यानं त्याला काही अंतर पाठीवर घेतलं. मग याचेही पाय चालेनात. एका खडकाच्या आडोशाला त्यानं सोपानला बसवलं, स्वतःचं कांबळं त्याच्याभोवती गुंडाळलं आणि सांगितलं, "बस हितं. मी मानसं घेऊन येतो."

"गेलात परत?"

"जायला पाय कुठं व्हते? शुद्धीवर आलो त्ये इस्पितळात."

सोपानच्या आईला त्यानं सांगितलं होतं की छातीवर गोळी लागली आणि सोपान एका क्षणात गेला. म्हातारीनं तेवढ्यावर दिवस काढले. शाळेत सोपानचा फोटो लागला, झेंडावंदनाला म्हातारी पहिल्या रांगेत बसू लागली. आणि दर सणाला ती याला जेवायला बोलवायची. समोर बसून वाढायची. "खा बाबा. तू खाल्लंस की त्याला पोचतं," म्हणायची.

"घास फिरतो वो तोंडात," तो म्हणाला. "ह्या पुस्तकातल्यानं शेवटी काय केलं? सांगितलं का तिला?"

"अजून वाचायचंय," मी म्हणालो. खोटं होतं. मी शेवट वाचलेला होता.

पुस्तकात तो सांगतो. आई सगळं ऐकते, उठते, त्याच्यापुढचं ताट उचलते आणि आत जाते. दार लावल्याचा आवाज येतो. तो स्टेशनवर जाऊन बसतो. त्याला कुठेही जायचं नसतं. तिथेच पुस्तक संपतं.

पुढच्या शनिवारी तो दाराशी उभा राहिला नाही, पुढे येऊन बसला. मी शेवटच्या पानावर आलो आणि त्याच्याकडे पाहिलं. मला ते सांगवेना. मी सांगितलं की आईनं सगळं ऐकून घेतलं, खूप रडली, मग त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, एवढं ओझं घेऊन एकटाच फिरत होतास होय रे? आणि त्याला पुन्हा वाढलं.

दत्तूनं टाळी वाजवली. "हे बेस झालं!"

सगळे गेल्यावर हवालदार उठून माझ्याजवळ आला. "असंच लिवलंय?"

"असंच."

त्यानं पुस्तक हातात घेतलं. इंग्रजी अक्षर त्याला येत नव्हतं. "कुठं?"

मी शेवटच्या पानावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. त्यानं त्या ओळीवरून अंगठा फिरवला. गेटवर पोरांचे बूट दाबून बघायचा, तसा. ती ओळ ताट उचलल्याची होती.

त्या रविवारी तो चाकणला गेला.

सोमवारी मी गेटवर पोहोचलो तेव्हा तो लोकांच्या पायांकडे बघत नव्हता. पास घेत होता, परत देत होता. जेवणाच्या सुट्टीत माझ्या खिडकीशी आला.

"सांगितलं, मास्तर."

"मग?"

"समदं ऐकून घेतलं तिनं. रडली न्हाई. म्हनली, बसला व्हता म्हंतोस, म्हंजी जिता व्हता. म्हनलं, व्हय. म्हनली, मरताना तू बघितलं न्हाईस. म्हनलं, न्हाई. मग उठली आन घरातल्या फोटोवरचा हार काढला." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "म्हनली, तू येतो म्हनून सांगितलंस ना त्याला? मग जा. घेऊन ये."

मी हातातलं पेन खाली ठेवलं.

"मी लई समजावलं. इतकी वर्सं झाली, बर्फ व्हता. ती ऐकंना. तशीच एस्टी स्टँडवर जाऊन बसली. मी निघालो तवर, गाडी आली की उठून बघत व्हती." मग त्यानं मान वर केली. "पुस्तकातल्या म्हातारीनं बराबर ऐकलं. माझंच सांगायचं चुकलं असंल. तुमी कसं नीट सांगितलंत. मला तसं बोलता आलं न्हाई."

वाचकहो, तो क्षण माझा होता. 'हवालदार, तुमचं काही चुकलं नाही, पुस्तकात तसं नाहीच,' एवढं एक वाक्य. दुपारच्या उजेडात, खिडकीच्या अलीकडे मी आणि पलीकडे तो. मी म्हणालो, "होतं असं कधीकधी." आणि हजेरीपटात डोकं घातलं.

थोड्याच दिवसांत बूटवाटप झालं. दरवर्षी प्रत्येकाला एक जोड मिळायचा. हवालदारानं आपल्या मापापेक्षा मोठा जोड मागितला. स्टोअरवाला हसला. "काय हवालदार, पाय वाढले का बोटं उगवली?" हवालदारानं सही करून जोड उचलला. मागच्या बाकावर बसून त्यानं त्या बुटांच्या नाड्या ओवल्या, आत हात घालून दाबून पाहिलं, आणि जोड कागदात गुंडाळला. पायात मात्र जुनेच, अग्रलेखवाले.

त्याच्यामागे रडणारं कुणी नव्हतं. लग्न त्यानं केलंच नव्हतं. जाण्याच्या दिवशी पाळी संपवून तो माझ्या खिडकीशी आला. कागदाचं पुडकं काखेत होतं.

"निघालो मास्तर. कलकत्त्यापतूर गाडी हाय. म्होरं बघू."

"तिकडे सोडणार नाहीत हो तुम्हाला. आणि सोडलं तरी काय मिळणार?"

"म्हाईत हाय मला." तो हसला. "पन त्याला मी येतो म्हनलो व्हतो. हितनं कुनी इचारलंच न्हवतं आजवर. आता म्हातारीनं इचारलं."

त्यानं बूट आपटला. पोकळ आवाज आला. मग गेटवरच्या नव्या पहारेकऱ्याच्या पायांकडे एक नजर टाकून तो स्टेशनच्या रस्त्याला लागला. थोडासा डावीकडे झुकत चालायचा, तसाच. त्यानंतर तो मला दिसला नाही. कुणालाच दिसला नाही.

तेव्हा एवढं लिहून ठेवतो, की ते बूट त्याच्या हक्काचे होते आणि सोपानच्या मापाचे होते. तो पळाला नाही. आमच्यात पाय असून जागचा न हललेला माणूस दुसराच होता.

मंडळ मी बंद केलं. दत्तू विचारायचा, "मास्तर, नवीन काय?" मी म्हणायचो, डोळे दुखतात.

पुढच्या हिवाळ्यात एकदाच धीर करून चाकणला गेलो. म्हातारीला सगळं सांगायचं, त्याला खोटा शेवट मीच सांगितला होता हेही, असं ठरवून गेलो. स्टँडच्या कडेला सिमेंटच्या बाकावर ती बसली होती. मांडीवर भाकरीचं फडकं होतं. मी शेजारी बसलो.

"कुनाला न्यायला आलाईस, बाबा?" तिनंच विचारलं.

"कुणाला नाही."

"माजी दोन पोरं यायची हायेत. एकाच्या पायात नवे बूट असत्याल, जाताना मला दावून नेलेत. आन दुसरा त्याच्या मागनं, जरा लंगडत." तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुला काय वाटतं? येत्याल ना?"

माझ्या तोंडातून शब्द निघाला, "येतील."

पुन्हा तेच. मला दुसरा शेवट सांगता येत नव्हता.

धूळ उडवत गाडी आली. म्हातारी उठली नाही, फक्त पुढे वाकली. उतरणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे तिनं पाहिलंच नाही. ती पाय बघत होती, आणि मीही. चपला, वहाणा, एका पोराचे शाळेचे बूट, काही अनवाणी. गाडी रिकामी झाली.

"राजगुरुनगरची येईल आता," ती म्हणाली आणि भाकरीचं फडकं नीट केलं. मग हातानं मला हलकेच ढकललं.

"सरक जरा, बाबा. दोगांना बसायला जागा लागंल."

मी उठून उभा राहिलो.