पावणीची पाठवणी

बालवाडीचं कुलूप काढण्याआधी बसव्वा रोज दारातल्या शेळीला त्या दिवसाची गोष्ट सांगायची. शेळी शेजारच्या धोंडुबाईंची. शेळीला कळली की पोरांनाही कळणार, असं तिचं म्हणणं.

कबनूरच्या यंत्रमागांच्या खडखडाटात ती बालवाडी चालायची. बसव्वाच्या सगळ्या गोष्टी प्राण्यांच्या, आणि सगळ्यांचा साचा एकच. रानात कुणी नवं यायचं, बाकीचे सरकून जागा द्यायचे, पोटभर जेवू घालायचे आणि फडक्यात खाऊ बांधून वेशीपर्यंत सोडायला जायचे. तिच्या घरी पाहुण्याचं असंच होत आलेलं. दुसरी रीत तिला ठाऊक नव्हती.

२००३ साली ओडिशाहून आलेली सबिता मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या मशीनवर कामाला लागली. तिची चार वर्षांची मिनती बालवाडीत रमली नाही, तर कारखान्याची वेळ संपेपर्यंत खोलीत कोंडून ठेवण्यावाचून सबितापुढे इलाज नव्हता. पोरं मिनतीजवळ बसत नव्हती. मग बसव्वानं गोष्टीतलं नवं जनावर रोज तिलाच करायला सुरुवात केली. ती कधी हरीण झाली, कधी उंट. पोरं तिला पावणी म्हणू लागली. चिरमुऱ्यांची पहिली मूठ तिला मिळायची. तिला कुणी ढकलत नसे, तिच्याशी कुणी भांडतही नसे. बसव्वाला वाटलं, जमलं.

एके दिवशी पाच वर्षांच्या दीक्षानं विचारलं, पावणी जाणार कवा? बसव्वा हसली आणि मागं खिचडी बघायला गेली. परतली तर मिनती नव्हती.

"तिला येष्टीत बसवून आलो," दीक्षा म्हणाली. "चिरमुरं दिलं बांधून. रडली न्हाई."

रस्त्यावर थांबा मोकळा होता. कोल्हापूरची गाडी नुकतीच गेली होती. एका बाईनं पोरीला हात देऊन वर घेतल्याचं पानवाल्यानं पाहिलं होतं.

बसव्वा कारखान्यात धावली. तिथं शब्द ऐकू येत नाही, आणि आला असता तरी सबिताला मराठी कळत नव्हती. बसव्वानं हातानं पोरीची उंची दाखवली, मग रस्ता, मग गाडी. सबितानं मशीन बंद केलं. ते सगळं तिला पुन्हा एकदा हातानं सांगावं लागलं.

कोल्हापूरच्या पुढच्या गाडीत दोघी शेजारी बसल्या. प्रत्येक थांब्यावर बसव्वा खाली उतरून बघून येत होती. हातकणंगल्यात नव्हती. पुढंही नव्हती. कोल्हापूरच्या स्टँडवर कंट्रोलरच्या खोलीतल्या बाकावर मिनती सापडली. चिरमुऱ्यांची गाठ तिनं सोडलेली नव्हती. सबितानं तिला उचललं आणि घरी पोहोचेपर्यंत बसव्वाकडे एकदाही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सबिताच्या खोलीला बाहेरून कुलूप होतं. बसव्वा खिडकीशी गेली, गजांना धरून तिनं सशाची गोष्ट सुरू केली. मिनतीनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर कितीतरी दुपारी बसव्वा त्या उंबऱ्यावर बसून राहिली. देवाचं नाव घ्यायची, कन्नडमध्ये स्वतःलाच शिव्या द्यायची. बालवाडीतही तिनं गोष्टी थांबवल्या. पोरं मागायची, ती उठून खिचडी ढवळायला जायची.

एकदा ती तांदूळ निवडायला घेऊन आली होती. नजर अधू झालेली, खडे दिसेनात. वैतागून तिनं ताटली गजांतून आत सरकवली. "वेच की जरा," म्हणाली. बऱ्याच वेळानं आत ताटलीत तांदूळ सरकवल्याचा आवाज झाला.

नंतर सबिता किल्ली बसव्वाजवळ ठेवून कामाला जाऊ लागली. बोलली मात्र कधीच नाही. मिनती बसव्वाच्या स्वयंपाकघरात वाढली. तिथं ती पाणी भरायची, बोलणी खायची, दीक्षाशी झिंज्या ओढून भांडायची. पावणी तिला आता कुणी म्हणत नसे.

२००७च्या थंडीत एका दुपारी चुलीपुढे बसल्या बसल्या बसव्वा गेली. त्याआधी भिंतीला टेकून बसलेल्या मिनतीकडे बघून ती म्हणाली होती, "रिकामी काय बसलीयास गं? लसूण सोल की."