माझं बेसचं खोकं आणि ते दोघं

कुठलीही वस्तू समोर आली की ते आधी बोटांच्या पेरांनी तिच्यावर टकटक करायचे. दार, टेबल, बिट्टन मार्केटातलं कलिंगड, एकदा तर सोसायटीच्या अध्यक्षांचं नवंकोरं शूरॅक. मग मान तिरकी करून ऐकायचे आणि निकाल द्यायचे, “होऊन जाते!” कलिंगडाचं काय होऊन जाणार, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

असे एक शेजारी तुमच्याही जिन्यात असतील. सगळ्यांना आवडणारे. मला ते आवडत नसत, हे आधीच सांगून टाकतो.

मूळचे नागपूरचे. हयात इथं भोपाळात, गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात लाकडी साचे करण्यात गेलेली. निवृत्त झाल्यावर आमच्या खालच्या मजल्यावर राहायला आले. आमचे बाबाही निवृत्तच, सरकारी खात्यातून. आई गेल्यापासून त्यांचं बोलणं आटलं होतं. माझ्याशी तर “जेवलास का” आणि “गॅस बंद केलास का” एवढंच.

आमच्या गॅलरीत माझ्या बेस गिटारचं स्पीकर कॅबिनेट पडलेलं होतं. कॉलेजातल्या बँडच्या काळातलं, कमरेएवढं खोकं. त्यावर कोरफडीच्या कुंड्या. प्लायवूड पावसानं फुगलेलं, रेक्झिन सुटलेलं, स्पीकरचा कागदी पडदा फाटलेला. एकदा पाण्याच्या टाकीचं काही सांगायला हे शेजारी वर आले आणि सवयीनं त्यावर टकटक केली.

“हे नीट होईल?” बाबांनी विचारलं. मी चमकलोच. बाबांनी आपणहून कुणाला काही विचारलं होतं.

“होऊन जाते. तुम्ही हाताशी राहा म्हणजे झालं.”

झालं! दुसऱ्या दिवसापासून गॅलरीचा कारखाना झाला. दोघांनी मिळून रेक्झिन सोललं, फुगलेले कोपरे गोंद भरून शिकंज्यात आवळले, पडदा पातळ कागदानं सांधला. संध्याकाळी मी ऑफिसातून परतलो की जिन्यात हसणं ऐकू यायचं. पहिल्या दिवशी मला वाटलं, टीव्ही चालू आहे. आत पाहतो तर बाबा, भुवयांवर भुसा, आणि त्यांना कारखान्यातल्या साहेबाची नक्कल करून दाखवणारे हे. ही नक्कल मी आलो की थांबायची आणि बाबा म्हणायचे, “जेवलास का?”

एका शनिवारी मीही बाह्या सरसावून बसलो. शेजाऱ्यांनी मला पॉलिशपेपर दिला. दोन हात मारले असतील नसतील, बाबांनी तो काढून घेतला. “आडवं घासू नये रे, रेघा पडतात. राहू दे, तू आत बस.” हे ज्ञान त्यांना नुकतंच झालेलं होतं! माझ्या खोक्यावरून मलाच हाकललं.

पॉलिशचे हात चढले, लाकूड मधासारखं दिसू लागलं, आणि मी गिटार जोडली. आवाज आला, पण कोंडलेला. वाकून पाहिलं तर खोक्याच्या पुढच्या बाजूचं वाटीएवढं गोल भोक लाकडी चकती बसवून बुजवलेलं. रेषेला रेष जुळवलेली, सांधा शोधून सापडेना.

“उंदीर शिरले असते ना भाऊ,” ते म्हणाले. “कारखान्यात भोक दिसलं का आम्ही बुजवून टाकत होतो.”

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. “काका, ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. खर्ज तिथूनच बाहेर येतो.”

आता यांची फजिती होणार म्हणून मी बाबांकडे पाहिलं. ते दोघं एकमेकांकडे पाहत होते.

“म्हंजे आपण याचं नाकच बंद करून राहिलो होतो का?”

बाबा हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले, त्यांच्या पाठीवर थापा मारत हसले. माझा एवढा हातचा विजय, तोही दोघांनी वाटून खाल्ला. मग चकती काढली आणि खिडक्यांच्या काचा थरथरल्या. “बघा, कसं वाजतंय!” बाबा त्यांना म्हणाले. वाजवत मी होतो.

थंडीत ते मुलाकडे नागपूरला गेले, कायमचे. सामान चढल्यावर बाबांना कडकडून भेटले आणि माझा हात धरून म्हणाले, “बाबांले सांभाळजा भाऊ. लय चांगला माणूस आहे.” माझ्याच बापाची माझ्याकडे शिफारस! राग आला, तरी त्यांचा हात मी लगेच सोडला नाही.

त्यानंतरच्या रविवारी बाबा गॅलरीत एकटेच बसून एका पाटाला पॉलिशपेपर मारत होते. शेजारची काकांची खुर्ची रिकामी होती. किती दिवस मी त्या खुर्चीवर डोळा ठेवून होतो! चहाचे दोन कप घेऊन गेलो आणि हळूच बसलो.

बाबांनी मान वर केली. “काही हवं होतं का रे?”

“नाही. सहजच.”

“मग जरा सरक,” ते म्हणाले, “उजेड अडतोय.”