पहिलं स्थळ आणि आबांचा वस्तरा

माझं पहिलं स्थळ वस्तऱ्याने मोडलं. घरातली पोरं हे ऐकून हसतात. मीही हसते, फजिती आपलीच असली की सांगायला सोपी जाते.

तेव्हा आम्ही चाकणजवळ राहायचो. आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, क्षय झाला होता. घरात त्याला आम्ही 'सर्दी' म्हणायचो. न्हावी मात्र फसला नाही. वर्षानुवर्षं ओसरीवर बसून आबांची दाढी करणारा माणूस एक दिवस अंगणातूनच आईला म्हणाला, "वैनी, हाच वस्तरा पुढं साऱ्या आळीत फिरतो. माफी करा." त्याचंही चूक नव्हतं.

अशात खेडकडचे पाहुणे मला बघायला येणार असं ठरलं. आबांना एकच धास्ती: दाढी वाढलेला, खंगलेला बाप दिसला की पोरीचं स्थळ गेलं. त्यांनी पेटीतून स्वतःचा जुना वस्तरा काढायला लावला. पात्यावर गंज. विळ्याला मी अंगणातल्या कुठल्याही धोंड्यावर धार लावत असे. इथेही तेच सुरू केलं.

"अगं, वस्तरा हाय त्यो, कोयता न्हाई!" आबा अंथरुणातून ओरडले आणि खोकत राहिले. खोकला थांबल्यावर शिकवलं: दगड गुळगुळीत हवा, वर पाणी, पातं आडवं टेकवायचं. मग चामडी पट्ट्यावर पाठ पुढे, धार मागे. मी नेमकी धार पुढे घातली आणि पट्ट्याला चीर पाडली.

"पट्टा कापला, म्हंजी धार आली म्हणायची," आबा म्हणाले.

सराव मी दुधी भोपळ्यावर केला. त्याची लव छान निघाली. आबांचे गाल मात्र इतके आत गेलेले की पातं टेकवायला जागा मिळेना. त्यांनी तोंडात हवा भरून गाल फुगवला. हवा धरवेना, खोकला आला आणि कानाखाली कापलं. वर तुरटी फिरवली.

पाहुणे बसले. मी चहा घेऊन गेले, तर मुलाचे वडील आबांच्या कानाखाली बघत होते.

"पाव्हणं, न्हावी नवा हाय वाटतं?"

आबांना थाप मारता आली असती. पण बापाचा अभिमान आड आला. "न्हाई, पोरीनं केली दाढी. धार बी तिनंच लावली."

मुलाच्या वडिलांनी हातातली बशी खाली ठेवली. ज्या घरी न्हावी यायचा थांबतो, तिथे काय असतं हे खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही.

"आमी चहा सोडलाय," ते म्हणाले. बरोबरच्या सगळ्यांनीही त्याच क्षणी सोडला.

गाडी दिसेनाशी झाली तशी आई चुलीपुढे जाऊन बसली. आबा भिंतीकडे तोंड करून बराच वेळ गालावरून हात फिरवत होते.

"दाढी मातूर गुळगुळीत झालीया," ते म्हणाले.

मी गार झालेला चहा पीत बसले, टाकवेना म्हणून.

पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी पुन्हा दगड भिजवायला सांगितला. आता कुणी येणार नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. मी पाणी आणलं.