काकूच्या अंगठ्यावरचा दोरा

काकू गेली त्याला आता महिना होत आला. निरोप मिळाला तशी मी सासरहून निघाले. सोलापुरात पोचले तेव्हा बायका तिला आंघोळ घालत होत्या. पाणी ओतताना तिच्या उजव्या पायाच्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. दोरा ताणून ताणून तिथं खोल वळ पडला होता... आम्हा पाटवेकऱ्यांच्या, म्हणजे मंगळसूत्रं-माळा ओवून देणाऱ्यांच्या, घरात अंगठा हाच खुंटा. दोऱ्याचं टोक त्याला अडकवायचं, ताण द्यायचा आणि मणी ओवायचे.

माझे चुलते ऐन उमेदीत गेले. तेव्हापासून काकूच्या हातचं मंगळसूत्र कुणी घेईना. घरात तिच्याइतका साफ हात दुसरा नव्हता आणि माझ्या वडिलांची, अण्णांची, नजर मंदावत चाललेली. मग एक रीत पडली, जिच्याबद्दल कुणी उघड बोललं नाही. मंद्रूपच्या बाजाराला जाताना चालत्या बैलगाडीत काकू मंगळसूत्रं ओवायची. गाडीला हिसके बसायचे, पण तिच्या हातून मणी सांडलेला मला आठवत नाही. गावची वेस दिसली की सगळं अण्णांच्या पेटीत. शेवटची गाठ तेच मारायचे. बाजारभर काकू गाडीच्या सावलीला पाठमोरी बसून शेळ्यांच्या गळ्यातल्या निळ्या माळा करायची. बायका अण्णांना म्हणायच्या, "तुमच्या हाताला लई गुण हाय." काकू ऐकायची आणि मान खाली घालायची. मला तिचा राग यायचा, अण्णांचा त्याहून जास्त.

लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले, तेव्हा हट्टानं त्यांच्याबरोबर बाजाराला गेले. बाजार उठता उठता एक धनगरीण आली. तिचं मंगळसूत्र वाढलं होतं. तुटलं असं आपण म्हणत नाही. मणी पदरात, गळ्यात तात्पुरतं हळकुंड. घरी असं कसं जायचं म्हणून रडकुंडीला आलेली. अण्णांनी बारीक काळे मणी डोळ्यांशी नेले, पण सुईला मणी लागेना. मागून काकू हळूच म्हणाली, "भावजी, गाडी जुंपा. बाईंची वस्ती वाटंवरच हाय न्हवं?"

गाडी शिवाराला लागली तशी काकूनं दोरा अंगठ्याला अडकवला. ती बाई शेजारी बसून नुसती बघत होती. वस्ती जवळ आली, अण्णांनी सवयीनं हात मागं केला. "आना हिकडं, गाठ मारतो."

"तुमी बैलं बगा की," धनगरीण म्हणाली. "ज्यांनी ववलं त्यांनीच मारावी."

काकू चरकली. "बाई, माजं कपाळ बगितलं न्हाय व्हय?"

"बगितलं की. पन मंद्रूपपासनं हातच बगत आले."

काकूनं गाठ मारायला घेतली. मी तिला कधी इतका वेळ लावताना पाहिलं नव्हतं... ती बाई मान पुढं करून बसून राहिली. तिला उतरवून गाडी निघाली, तेव्हा मीही माझ्या गळ्यात हळकुंड बांधलं आणि माझं मंगळसूत्र काकूच्या मांडीवर ठेवलं. ते चांगलं नवं होतं. अण्णांनी मागं वळून पाहिलं आणि बैल हाकले. काकूनं दोन वाट्यांच्या मधली गाठ सोडून नव्यानं मारली, दोनदा दाबून पाहिली आणि मग पदरात तोंड घालून पोटभर रडली.

पुढंही ती गाडीतच ओवायची, पण गाठी बाजारात बायकांसमोर स्वतः मारायची. काही बायका उठून गेल्या, बऱ्याच राहिल्या.

तेराव्याहून परतताना माझं मंगळसूत्र मोटारीतच वाढलं. मणी ओच्यात गोळा केले, गळ्यात हळकुंड बांधलं, दोरा अंगठ्याला अडकवला आणि हिसक्या-हिसक्यांत दोन्हीकडचे सर नव्यानं ओवले. मधली गाठ मात्र जुनीच ठेवली.