मामीचं मीठ आणि माझी बिअर

पुण्यातल्या एका पबमध्ये मी बिअर बनवते. नातेवाईक मात्र ‘फूडमध्ये आहे’ एवढंच सांगून विषय बदलतात! यंदा मालकांनी एक नळ माझ्या स्वतःच्या बिअरसाठी द्यायचं कबूल केलं. मी कोकम निवडलं. दुकानातल्या आमसुलांनी पहिला घाणा इतका खारट झाला, की यीस्ट रुसूनच बसलं. दुसरा बिघडला तर नळ गेला. तेव्हा बिनमिठाचे रातांबे, म्हणजे कोकमाची ताजी फळं हवीत म्हणून गाडी काढली ती थेट गुहागरजवळ मामांच्या गावी.

उंब्रजला पेट्रोल भरून घ्या, पाटणला पोटभर नाश्ता करा. कुंभार्ली घाटातली वळणं उपाशीपोटी सोसत नाहीत. घाट उतरून अलोऱ्याशी आलात, की मे महिन्याचा घाम सुरू. सुती कपडे घ्या, तक्रार करू नका.

अंगणात मामी रातांबे फोडत होती. मला टोपलीभर हवेत, म्हटलं.

“काय गो, एवढे रातांबे कशाला?”

“बिअर करते मी, मामी. दारूच म्हण.”

मामा पेपर घेऊन आत गेले ते जेवायलाही माझ्यासमोर बसले नाहीत. मला फार लागलं ते. मामीने मात्र सुरमईची तुकडी वाढत विचारलं, “मीठ किती घालतंस?”

“अजिबात नाही.”

“मग फसफसंल की!”

“तेच तर हवंय.” मामी हसत सुटली.

सकाळी बघते तर माझ्या वाटचे रातांबे फोडून, मीठ लावून बरण्यांत भरलेले! “बिनमिठाचे कसे धाडू गो? वाटेत नासतील,” मामी म्हणाली. जन्मभराची सवय, तिला काय बोलणार? पण झाडाला हाताशी फळ उरलं नव्हतं आणि मला रडूच कोसळलं.

तेवढ्यात मामा फळं पाडायची आकडी घेऊन बाहेर पडले. शेंड्याचे रातांबे पाडत राहिले, मी वेचत राहिले. टोपली भरल्यावर म्हणाले, “उन्हाच्या आधी नीघ.”

पुण्यात बिअर उतरली: गुलाबी, आंबट, झकास. मालकांनी दुसरा ग्लास मागितला आणि नळ माझा झाला. मित्रमंडळी विचारतात, गुहागरला काय पाहिलं? समुद्रावर गेलेच नाही हो!

काल मामांचा फोन आला.

“आवडली काय लोकांस?”

“खूप.”

“गावात मी सरबतच सांगणार हां.” मग म्हणाले, “पण पुढल्या साली आधी कळव. मागचं झाड तुझ्यासाठी राखून ठेवतो.”